आडवं

कन्नडच्या झेरॉक्सच्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
आम्ही तिघं नकाशावर वाकलोय.
चार तुकडे सेलोटेपनं जोडलेत,
जोड नेमका अंतूरच्या किल्ल्यावरून गेला,
त्यामुळं किल्ला अर्ध्या बोटानं पूर्वेला सरकलाय.
"चालतंय," मुस्तकीम म्हणतो, "एवढं तर शिवणीत जातंच."
तो मंडपाच्या कनाती शिवतो.
आमचा तंबूही त्याच्याच हातचा, उरलेल्या कापडाचा,
आतून गुलाबी, झालरीसकट.
जानेवारीच्या थंडीत, डोंगराच्या माथ्यावर,
आम्ही कुणाच्या तरी लग्नात झोपणार.

पाच दिवस.
गौताळ्यातून निघायचं, अंतूर,
मग कड्याकड्यानं जंजाळा, वेताळवाडी,
आणि शेवटी अजिंठ्याचा माथा,
जिथून वाघूर खाली वाकडी होताना दिसते.
कालिंदा भूगोल शिकवते. तिचं बोट रेषांवरून फिरतं:
रेषा जवळ आल्या की दम लागणार,
लांब गेल्या की ऊन.
"हा सगळा लाव्हा," ती म्हणते, "थरावर थर.
एक निवायचा, मग कितीतरी काळ काहीच नाही,
मग दुसरा."

मला हे ठाऊक आहे, पण उभं.
अकरा वर्षं बोअरच्या गाडीवर होतो,
तिरुचेंगोडची गाडी, ड्रिलर अण्णा,
मराठीत त्याला दोनच शब्द यायचे: पाणी, आणि पुढं.
रॉडमागं रॉड. काळी माती, मुरूम,
पांढरट चुरा, मग बिट ओरडायला लागेल असा काळा पाषाण,
आणि मधेच, न सांगता, तांबडी धूळ,
वीटभट्टीसारखी,
भुवयांवर, कानांत, जेवणाच्या डब्यात.
लोखंड खाली जायचं, मी वरच उभा.
इतका डोंगर नाकातोंडातून गेला
आणि त्याची एक बाजू कधी पाहिली नाही.
म्हणून एकदा आडवं जायचंय.
घरी हेच सांगितलं.
बायको म्हणाली, गुडघ्यांना विचारलंत का?

यादी मुस्तकीमच्या वहीत, कनातींच्या मापांखाली:
धपाटे, तीन दिवस टिकतील,
पुढं सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ,
सुतळी, दोन विजेऱ्या,
पायाच्या फोडांसाठी सुई (हे खातं त्याचं).
वनखात्याच्या चिठ्ठीसाठी कालिंदा तीनदा गेली.
साहेबानं तीनदा विचारलं, देवदर्शन आहे का?
नाही.
मग जमीन बघायचीय?
हो, ती म्हणाली. त्यानं सही केली.

अडतंय ते तिसऱ्या दिवशी.
अंतूरच्या टाक्यांत पाणी आहे, वेताळवाडीला आहे,
मधे नकाशावर निळा ठिपका नाही.
मी म्हणतो, कड्यात कुठंतरी तांबडा पट्टा दिसंल,
त्याच्या वरचा दगड ओला असतो.
तिथं बाटली लावायची आणि बसायचं.
"नक्की?" कालिंदा विचारते.

हाच प्रश्न. अंगणाअंगणांत विचारलेला.
किती फुटांवर लागंल?
मी छातीठोक सांगायचो, तीनशे, फार तर साडेतीनशे.
नारळ फुटलेला, पोरं जवळ सरकलेली,
आणि भोकातून नुसती धूळ, पहाटेपर्यंत.
आम्ही पैसे फुटावर घ्यायचो, पाण्यावर नाही.
कोरडी भोकं मी कधी मोजली नाहीत.
झाकणं मात्र आठवतात:
दगड, फुटकी घमेली, एकदा पाटीचा तुकडा,
पाढे अजून पुसलेले नव्हते.

"दिसंल बहुतेक," मी म्हणतो.
हा शब्द माझ्या तोंडात नवा आहे,
अजून नीट बसला नाही.

मुस्तकीम मधेच म्हणतो, "दो-दो लिटर ज्यादा लेंगे, बस,"
आणि वजनात लगेच सहा किलो वाढतात,
झालर काढायला तरी तो तयार नाही.
बाहेर कुणीतरी शटर वाजवतं, आधारची झेरॉक्स पायजे.
कालिंदा तिसऱ्या दिवसासमोर
पेन्सिलनं लिहिते: पाणी,
आणि पुढं काहीच नाही.
पेनानं लिहा ना, मी म्हणतो.
ती पेन्सिल कानामागं अडकवते.
आधी बघू, म्हणते.